घाटातल्या लाल रेघा

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचे प्रिंट मिळाले. सेकंडहँड का होईना, कॅमेरा घेतलास हे फार बरं केलंस मर्दा. निपाणीच्या हायवेचा तुझा रात्रीचा फोटो कालपासून टेबलावरच आहे. शटर १० सेकंदांऐवजी ३० सेकंद उघडं ठेवलं तरी गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा पुसटच येतात, असं तू लिहिलंयस. सगळी मेख तिथंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जी वस्तू जागची हलत नाही, तिचा उजेड सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो उमटतो त्या भागावर, एकाच जागी साठत जातो. त्यामुळं रस्त्याकडेचा ढाबा, झाडं, दुभाजक ३० सेकंदांत तिप्पट उजळणारच. गाडीचा दिवा मात्र सेन्सरच्या एका ठिकाणी क्षणभरच पडतो आणि पुढं सरकतो. शटर आणखी मिनिटभर उघडं ठेवलंस तरी त्या ठिकाणाला जास्तीचं काही मिळत नाही. रेघ लांबते, मागून येणाऱ्या गाड्यांच्या रेघा वाढतात, पण ठळकपणा तोच. तो वाढवायचा तर अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक उघडायचं, नाहीतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, वाढवायचा. तू एफ/१६ वर होतास, आता एफ/८ वर ये (आकडा लहान तेवढं भोक मोठं), उजेड चौपट होईल. आयएसओ १०० वरच राहू दे. सेकंद किती ठेवायचे ते दोनच गोष्टींवरून ठरव: आजूबाजूचं किती दिसायला हवं आणि गाडीला फ्रेम पार करायला किती वेळ लागतो.

गाडीचा वेगही यात येतो, आणि तो बघायला निपाणीजवळच्या तवंदी घाटासारखी जागा नाही. चढाला लागलेला भरलेला ट्रक रांगत असतो, त्याची लाल रेघ जाड आणि तेजदार पडते. उतारानं सुसाट जाणारी कार बारीक रेघ ओढून निघून जाते. वेग निम्मा झाला की रेघेतला उजेड दुप्पट होतो, साधा हिशेब आहे. पण तो ट्रक ३० सेकंदांत वळण पार करत नाही, म्हणून रेघ मध्येच तुटते. तिथं बल्ब मोडवर जा, म्हणजे शटर हवं तितका वेळ उघडं ठेवता येतं, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची वायर) लाव आणि ट्रक वळणाआड गेल्यावरच शटर मिट. एवढ्यात ढाब्यांचे दिवे फारच पांढरेफटक व्हायला लागले तर १५-१५ सेकंदांचे बरेच फोटो लागोपाठ काढ आणि नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक चढव. तेव्हा कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांबलेल्या फोटोतले दाणे पुसायची सोय, आठवणीनं बंद कर. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि रेघांत खिंडारं पडतात.

वेळ कुठली गाठायची? पूर्ण अंधाराची वाट बघू नकोस. सूर्य मावळल्यावर २०-२५ मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं, डोंगराची कड अजून दिसत असते आणि गाड्यांचे दिवे लागलेले असतात. आपल्याकडं संधिप्रकाश लवकर आटोपतो, म्हणून ट्रायपॉड, फ्रेम, फोकस सगळं उजेडातच लावून ठेवायचं. लांबच्या एखाद्या दिव्यावर फोकस धरायचा आणि लेन्स मॅन्युअलवर टाकायची. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) बंद.

मला सगळ्यात गोडी आहे ती कुठल्या गाडीची रेघ कुठली हे ओळखण्यात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळं रस्त्याच्या दिशेनं कॅमेरा लावला की लाल रेघा डावीकडं आणि पांढऱ्या उजवीकडं. परदेशी फोटोंत बहुधा उलटं दिसतं. मोटरसायकलची रेघ एकटी. एसटीच्या उजळलेल्या खिडक्यांचा फिका रुंद पट्टा वरच्या अंगानं जातो. इंडिकेटर लावून वळलेल्या गाडीची केशरी रेघ तुटक तुटक येते. आणि तुझ्या दुसऱ्या प्रिंटमध्ये एक लाल रेघ रांगोळीच्या ठिपक्यांसारखी आलीय ना, तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे. बऱ्याच नव्या गाड्यांचे एलईडी दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं चालू-बंद होत असतात. डोळा फसतो, सेन्सर ते मांडून दाखवतो. तसले ठिपके मी मुद्दाम झूम करून बघत बसतो.

गावात काढायचं म्हणशील तर कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर जाऊ. पण शेजारून जड गाडी गेली की पूल थरथरतो आणि घरांच्या कडा दुहेरी येतात. दोन गाड्यांच्या मधली उसंत धरून शटर दाबावं लागतं. राणी चन्नम्मा चौकात सिग्नलला थांबलेल्या गाड्यांचे लाल गोळे होतात, ते मला आवडत नाहीत. तुला आवडतील कदाचित.

आता मला मनापासून सांगायचंय ते. १८३८ साली दागेर या फ्रेंच माणसानं, फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एकानं, पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, त्यामुळं घोडागाड्या, माणसं, सगळी वर्दळ नाहीशी झाली. बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला. आपल्या रात्रीच्या फोटोतही नियम तोच: थांबलेलं उमटतं, नाहीतर दिवा असलेलं उमटतं. चालणारं आणि बिनदिव्याचं काहीच उरत नाही.

गेल्या गळीत हंगामात संकेश्वरच्या अलीकडं मी फोटो काढत होतो. माझ्यासमोरून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर गेला, टेपवर गाणी जोरात लावलेली. मागून येणाऱ्या कारनं कचकन ब्रेक मारला आणि ती कशीबशी बाजूनं निघाली. स्क्रीनवर बघितलं तर कारची रेघ होती, ब्रेक लागला तिथं ती एकदम जाड होऊन बाजूला वळलेली. ज्याच्यासाठी ती वळली, तो मात्र फोटोत नव्हताच. दहा-पंधरा टनांचा ऊस समोरून गेला आणि रस्ता मोकळा! मी पुन्हा पुन्हा झूम करून शोधला, सावलीसुद्धा नाही. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तरी तो आधी कुठं दिसला होता?

तुझा धाकटा भाऊ याच रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरच्या खेपा करतो, म्हणून लिहितोय. बहुतेक ट्रॉल्यांना मागं दिवा असतो, पण भरताना मोळ्या लागून तो फुटतो, नाहीतर ट्रॅक्टरपासूनची वायर जोडलेलीच नसते. आणि असला तरी मागं लोंबणाऱ्या उसानं झाकला जातो. रेडियम लावलेलं असतं तेही उसाच्या पाल्याखाली. आपल्या लहानपणी बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगायचे, आठवतं? तसाच बॅटरीवरचा लाल दिवा उसाच्या शेवटच्या टोकाला, लोंबणाऱ्या वाढ्यांच्याही (उसाच्या शेंड्यांच्या) मागं बांधायचा, दर खेपेला. पुढच्या ट्रॉलीला बाजूनं रेडियमची पट्टी. भाऊ ऐकत नसेल तर त्याला घेऊनच ये. दिवा न लावता एकदा आणि लावून एकदा त्याच्याच ट्रॅक्टरचे फोटो काढू आणि दोन्ही त्याच्या हातात देऊ. टोळीतल्या बाकीच्यांनाही दाखवू दे.

पौर्णिमा टाळून ये, चांदण्यात मिनिटभराच्या एक्स्पोजरला आभाळ फार उजळतं. घाटात आपण क्रॅश बॅरियरच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दुभाजकावर अजिबात नाही. गाड्यांच्या दिशेनं टॉर्च मारायची नाही. माझा जड ट्रायपॉड मी घेऊन येतो. तू स्वेटर आण, वाऱ्याला तिथं बोटं गारठतात. लाल दिवे मी इथल्या बाजारातून चार घेऊन ठेवतो, दोन ट्रॉल्यांना दोन आणि जादा दोन. तुझ्याकडं ट्रॉलीच्या प्लगची वायर धड आहे का तेवढं बघून कळव.

आईंना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, कुंदा पाठवतो म्हटलेलं विसरलेलो नाही, येताना घेऊन येतो.

तुझाच,
जुना बाकमित्र