चिंध्यांच्या ढिगातला अंगरखा

महोदय,

जुन्या वस्त्रांचा विषय निघाला की आपली गाडी पैठणीवरच अडते, म्हणून हे पत्र. लंडनच्या पेट्री संग्रहालयात इजिप्तमधील तरखानच्या प्राचीन दफनभूमीतला एक लिननचा अंगरखा आहे. खालचा भाग गेलेला, पण बाह्या आणि खांद्यावरच्या बारीक चुण्या शाबूत. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना तो १९१३ साली मिळाला, तोही मळक्या कापडांच्या ढिगात. ढीग तसाच पडून राहिला आणि १९७७ मध्ये स्वच्छतेसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेल्यावर त्यातून हे वस्त्र निघाले! पुढे कार्बन चाचणीने त्याचा काळ इ.स.पूर्व ३४८२ ते ३१०२ असा ठरला. विणलेल्या कपड्यांत याहून जुना ज्ञात नाही.

मला भावल्या त्या कोपराशी आणि काखेत पडलेल्या वळ्या. कपडा मृतासाठी मुद्दाम शिवलेला नव्हता, कुणीतरी तो अंगावर वापरला होता. तो उलटा सापडला, म्हणजे डोक्यावरून ओढून काढला असावा.

आपल्या दमट हवेत एवढे जुने कापड टिकणे कठीणच. तरीही नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफनातील तांब्याच्या मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे अवशेष मिळाले. धातूच्या सान्निध्याने धागा वाचला. शाळेच्या सहली संग्रहालयांत तलवारी पाहून परततात. मुलांना या दोऱ्याविषयीही सांगावे. राज्यातील संग्रहालयांनी निदान त्याचे मोठे छायाचित्र आणि मराठीत चार ओळी लावाव्यात, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे