गोठा इतक्या लवकर उतरवू नका

संपादक महोदय,

बेळगाव-खानापूर भागात काही कॅथलिक घरांत नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) २६ डिसेंबरलाच उतरवतात. नाताळकाळ मात्र प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. या काळात सण येतात ते असे: २६ला संत स्तेफन, २७ला संत योहान, २८ला हेरोद राजाने मारलेली निष्पाप बालके (रविवार आला, तर पवित्र कुटुंबाचा सण). स्तेफन आणि बालके रक्तसाक्षी (ख्रिस्तासाठी प्राण गेलेले), म्हणून धर्मगुरूंची उपासनावस्त्रे लाल; योहानाच्या सणाला पांढरी. भारतात प्रकटीकरणाचा सण (तीन राजांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याचा) २ ते ८ जानेवारीतील रविवारी येतो. तीन राजांच्या मूर्ती तेव्हा बाळाजवळ आणायच्या; गोठाच मोडलेला असेल, तर त्या ठेवणार कुठे? हा रविवार ७ किंवा ८ तारखेला आला, तर बाप्तिस्म्याचा सण लगेच सोमवारी, एरवी पुढच्या रविवारी. आपल्या दैनिकाने डिसेंबरातच या तारखा छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, खानापूर