बाबा, त्या नळाबद्दल

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर मी चिडून बोलले ते डोक्यातून जातच नाहीये. बाबा, तुम्ही म्हणालात की शेजारच्या प्लॉटवरचे मजूर रोज आपल्या नळाला हंडे लावतात, आणि वर म्हणालात, "ह्या लोकांना कितीही द्या, लग्नात नि दारूत उडवणार, सुधारायचे नाहीत." मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, नुसता आवाज चढला. आज बँकेच्या ब्रँचला सुट्टी आहे म्हणून लिहितेय, चहा घेऊन निवांत वाचा.

ती हंडेवाली बाई अलीराजपूर जिल्ह्यातल्या सोंडव्याकडची आहे हे आईनंच सांगितलं होतं ना. आमच्या ब्रँचला येणारी निम्मी माणसं तिकडचीच. जमीन म्हणजे डोंगराचा उतार, मुरूम आणि दगड, पावसावर एक मका निघतो आणि तोही घरात खायलाच लागतो. आजोबांची दहा बिघे असतील तर आता चार भावांत वाटलेली. बाबा, तुम्ही तीस वर्षं बँकेत काढलीत, किसान क्रेडिट कार्ड वेळेवर फेडलं तर 4 टक्क्यांनी पडतं हे तुम्हाला मी काय सांगू, पण कागद अजून आजोबांच्या नावावर, फौती नामांतरण झालेलंच नाही, मग मी फाईल पुढे कशी ढकलणार? माणूस हात जोडून उठतो आणि सरळ बाजारात सावकाराकडे जातो, शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाचे 36 टक्के. जूनमध्ये बियाणं-खत घ्यायचंच असतं, पाऊस काही त्याच्या फाईलसाठी थांबत नाही.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते नोतऱ्याबद्दल, म्हणजे अडलेल्या घराला सगळ्यांनी मिळून पैसे द्यायच्या रीतीबद्दल. होळी झाली की पावसाळ्यापर्यंत इथे गावोगाव नोतरे होतात. ज्याच्या घरी लग्न आहे, आजारपण आहे किंवा कर्ज डोक्यावर आलंय तो सगळ्या नातेवाइकांना, गाववाल्यांना बोलावतो. गेल्या महिन्यात आमच्या ब्रँचच्या शिपायाच्या घरी मी गेले होते. अंगणात खाट, खाटेवर स्टीलचं ताट, आणि शेजारी आठवी-नववीतला एक मुलगा शाळेची वही घेऊन बसलेला. एकेक माणूस यायचा, ताटात पैसे ठेवायचा, आणि तो मुलगा नाव, गाव, रक्कम मोठ्यांदा म्हणून लिहायचा. दोनशे, पाचशे, एका म्हातारीनं पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढली तर तीही तितक्याच मोठ्या आवाजात वाचली गेली. उद्या तिच्या घरी नोतरा निघाला की ह्या घरानं शंभरावर थोडे चढवून परत द्यायचे. ना सही ना जामीनदार, आणि बुडवणारा गावात मान वर करून फिरू शकत नाही.

मला तर तिथे बसल्या बसल्या आईची आहेराची वही आठवली. आई, कुणी किती पाकीट दिलं, कुणी साडी दिली हे तू लिहून ठेवायचीस आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की आधी वही उघडायचीस. तेच आहे गं हे. फक्त आपल्याला त्या पैशावर जगायचं नव्हतं, त्यांना जगायचं असतं. लग्नात उडवतात असं जे आपल्याला दिसतं ना बाबा, त्यातला बराचसा पैसा असा फिरत असतो, आज दिला तर उद्या मुलाच्या ऑपरेशनला परत येणार. तो माणूस लग्नाला गेला नाही, पैसे ठेवले नाहीत, तर त्याच्या अडचणीला कोण येईल?

बायकांच्या अंगावरची चांदी पण तशीच. कंबरेचा कंदोरा, हातातली जाड कडी, आपण होळीआधीच्या भगोरियाच्या जत्रेत फोटो काढतो ते सगळं बरेचदा जूनमध्ये गहाण असतं. 98 साली बाबांच्या आजारपणात तुझ्या पाटल्या गेल्या होत्या, आई, त्या सुटल्या कारण पुढच्या महिन्याला बाबांचा पगार होता. इथे पुढचा महिना म्हणून काही नसतो. आणि पाऊस हुकला की एकट्याचं घर नाही, अख्ख्या गावाची वही एकदमच अडते, सगळ्यांनाच पैसे हवे असतात आणि द्यायला कोणीच नसतं. मग गुजरातची बस पकडायची नाहीतर इंदूर. 2024-25 मध्ये आपल्या मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 243 रुपये होती, आणि तेही काम निघालं तर.

गुजरातला जाऊन काय होतं तेही इथेच कळलं. गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटीचा दगड दळायचे कारखाने आहेत, त्या धुळीनं अलीराजपूर-झाबुव्याच्या कितीतरी माणसांची फुप्फुसं गेली, सिलिकोसिस म्हणतात. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरात सरकारला 238 मृतांच्या घरच्यांना तीन-तीन लाख द्यायला सांगितलं. तिशीतली माणसं होती हो बरीचशी.

दारू पितात का, तर हो, काही पितात, आणि घरच्या बायका सोसतात, मी नाही म्हणत नाही. पण दारू सुटली तरी ती मुरमाड जमीन वाढत नाही. नीती आयोगानं 2021 मध्ये जिल्ह्यांच्या गरिबीची यादी काढली होती, 2015-16 च्या पाहणीवरून, त्यात अलीराजपुरात शंभरातली 71 माणसं गरीब निघाली, आपल्या इंदूरात साधारण 11. नंतरच्या पाहणीत आकडा पुष्कळ खाली आलाय, रस्ते, गॅस, खाती झाली त्याचा फरक मलाही दिसतो. पण मजूर घेऊन निघणारी बस रात्री अजून भरूनच जाते.

आणि बाबा, पाणी. 1978 पासून आपण इंदूरला जलूदहून आलेलं नर्मदेचं पाणी पितोय, तुम्ही किती अभिमानानं सांगता ती गोष्ट. ह्याच नर्मदेच्या काठची तिकडची गावं सरदार सरोवर धरणात बुडाली. ती बाई कदाचित त्यातल्याच कुठल्या तरी गावची असेल. दोन हंडे भरू दे तिला. नळ एक दिवसाआड येतो हे माहितीये, टाकी भरली की मग भरा म्हणावं, ऐकतील. पहिल्या पावसाला ते पेरणीला जातीलच.

अजून एक काम आहे, ते तुम्हालाच जमेल. त्यांचं रेशन कार्ड गावचं असलं तरी इंदूरच्या दुकानात चालतं, माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, पण दुकानदार बरेचदा हाकलून देतात. तुम्ही एकदा बरोबर जा ना, तुमच्यासमोर नाही म्हणायची त्याची टाप नाही.

शनिवारी दुपारची बस आहे, गंगवाल बसस्टँडला उतरून रिक्षानं येईन, घ्यायला येऊ नका. आई, ती आहेराची वही माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, रद्दीत घालू नकोस, मला बघायचीये.

तुमची,
मनू