आस्थापना शाखेतील मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

प्रादेशिक सेनेतील (टेरिटोरियल आर्मी, म्हणजेच टीए) सेवेमुळे सरकारी नोकरीतल्या माझ्या हक्कांना बाधा येऊ नये म्हणून आपण जे कष्ट घेतलेत, त्यांबद्दल हे पत्र मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे. कारण कोल्हापूरच्या १०९ टीए बटालियनमध्ये नोकरी सांभाळून वर्दी चढवणारे माझ्यासारखे इतरही आहेत आणि त्यांच्या कार्यालयांतही हाच प्रश्न उभा राहू शकतो.

माझ्या आधीच्या कार्यालयाने वार्षिक प्रशिक्षणाचा काळ माझ्या अर्जित रजेतून वळता केला. पुढे बटालियन एम्बॉडी झाल्यावरचा, म्हणजे सैनिकी सेवेसाठी बोलावली गेल्यावरचा, काळ तर विनावेतन असाधारण रजा म्हणून नोंदवला गेला आणि वेतनवाढही पुढे ढकलली गेली. बदलीनंतर सेवापुस्तक आपल्या टेबलावर आले, तेव्हा आपण ते नुसते पडताळून पुढे पाठवले असते, तरी आपल्याला कोणी बोल लावला नसता.

आपण मात्र प्रादेशिक सेना अधिनियम, १९४८ ची प्रत मिळवलीत आणि कलम ७अ खाली पेन्सिलीने रेघ ओढून ते मला शांतपणे वाचून दाखवलेत. सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या व्यक्तीला ती सेवा संपल्यावर कामावर परत घेणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे, आणि तेही नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी लागू झाल्या असत्या, त्यांहून कमी नसलेल्या अटींवर. खंड पडला नसता तर वेतनवाढ मिळालीच असती, मग ती रोखायची कशी, हा आपल्या टिपणीतला मुद्दा कोणालाच खोडता आला नाही. प्रशिक्षणासाठी एम्बॉडी होणे हीदेखील कलम ७ नुसार सैनिकी सेवाच आहे आणि भविष्य निर्वाह निधीवरील हक्क कलम ७ब ने राखले आहेत, हेही आपण त्याच टिपणीत मांडलेत. कायद्याचे पुस्तक पुष्कळांकडे असते; ते कर्मचाऱ्याच्या बाजूने उघडणारे फार थोडे असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एम्बॉडिमेंटचा आदेश आणि डिसएम्बॉडिमेंटचा, म्हणजे त्या सेवेतून मोकळे केल्याचा, दाखला हे दोन्ही कागद नस्तीला जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नाही, म्हणून आपण मला बटालियनच्या कार्यालयात पिटाळलेत, ते किती योग्य होते हे लेखा शाखेची पहिलीच शंका आली तेव्हा कळले. आज सेवापुस्तकातील नोंदी दुरुस्त झाल्या आहेत, अर्जित रजा खात्यावर परत जमा झाली आहे आणि वेतनवाढीची थकबाकीही मिळाली आहे.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिल्यापासून माझे सहकारी रजेबद्दल वारंवार विचारत आहेत. आपली संमती असल्यास, नावे आणि क्रमांक वगळून त्या टिपणीची प्रत त्यांना द्यावी अशी माझी इच्छा आहे. आपल्या होकाराची वाट पाहतो.

आपला ऋणी,
प्रादेशिक सेनेतील एक जवान व शासकीय कर्मचारी,
कोल्हापूर