बाई, तो माहितीपट मराठीत ऐकवलात म्हणून

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

जगातली पाणीटंचाई आणि पाण्यावरून होणारे संघर्ष यांवरचा इंग्रजी माहितीपट तुम्ही आमच्या बचत गटाला दाखवलात. त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं. प्रोजेक्टर कुठेही भाड्याने मिळतो. तुम्ही मात्र सगळं निवेदन आधी मराठीत लिहून काढलंत आणि जागोजागी चित्र थांबवून ते आमच्या बोलीत सांगितलंत. इंग्रजी न येणाऱ्या बायकांना "नंतर सांगते" हे ऐकायची सवय असते. तुम्ही नंतरवर काहीच ठेवलं नाहीत.

आपण सगळ्यात जास्त रेंगाळलो ते दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशातल्या कोचाबांबा शहरात. १९९९ साली तिथल्या सरकारने शहराचं पाणी ४० वर्षांसाठी खासगी कंपनीच्या हाती दिलं. तिच्यात बेक्टेल या बड्या अमेरिकी कंपनीचा मोठा वाटा होता. पाण्याची बिलं भरमसाट वाढली, हे आम्हाला लगेच समजलं. पण नव्या कायद्यामुळे लोकांनी वर्गणी काढून खणलेल्या विहिरीसुद्धा ठेक्यात जातील, अशी तिथल्या शेतकऱ्यांना धास्ती होती, हे तुम्ही सांगितलंत आणि मागून आवाज आला, "म्हंजे आमचा आड बी?" पुढचा बराच वेळ माहितीपट बंदच राहिला. कुणाच्या बोअरला पाणी आहे, कोण कुणाला भरू देतं, कोण दार लावून घेतं, हे सगळं बाहेर आलं. एरवी या गोष्टी आमच्यात कुणी उघड बोलत नाही.

याविरुद्ध लोकांनी आंदोलन केलं, एप्रिल २०००मध्ये तिथे लष्कर रस्त्यावर आलं, १७ वर्षांचा व्हिक्टर ह्यूगो दासा गोळी लागून गेला आणि अखेर करार रद्द झाला. एवढ्यावर टाळ्या घेऊन थांबता आलं असतं. पण लढा जिंकल्यावरही शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्या वर्षानुवर्षं टँकरवरच राहिल्या, हे तुम्ही गाळलं नाहीत. त्याबद्दल मला तुमचा विशेष आदर वाटतो. आणि याच बोलिव्हियाने पुढाकार घेतल्यावर २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी हा मानवी हक्क मानला, हेही तुम्ही फळ्यावर तारखेसकट लिहिलंत. आमच्या पोरींनी ते वहीत उतरवून घेतलंय.

आपलं लातूर २०१६मध्ये काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मांजरा धरण आटलेलं, पाणी भरायच्या जागी भांडणं होतील म्हणून जमावबंदी, आणि मग मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. त्या उन्हाळ्याकडे आम्ही देवाचा कोप म्हणूनच बघत होतो. धरणातलं पाणी कुणाला किती द्यायचं हे माणसं ठरवतात, आणि ठरवणाऱ्यांना आपण विचारू शकतो, ही गोष्ट तुमच्यामुळे आमच्या बैठकीत आली. आता नळाला पाणी किती दिवसांनी आलं, याची नोंद गटाच्या वहीत ठेवतो आहोत. पालिकेत जाताना ती वही बरोबर नेणार.

एक विनंती. तुम्ही लिहिलेलं मराठी निवेदन आम्हाला द्या. शेजारच्या वस्तीतला गट मागतो आहे. वाचून दाखवायला आमच्यातल्या दोघी तयार आहेत. फक्त पहिल्या वेळी तुम्ही शेजारी बसा.

तुमची,
बचत गटातली एक सदस्य, लातूर