दादाच्या थेरपिस्ट ताईंना जाहीर पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोर भेटलं की तुम्ही आभार मानू देत नाही. 'माझं कामच आहे ते' म्हणत पुढच्या पेशंटचा केसपेपर हातात घेता. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पुन्हा रोजच्या जगण्यात उभं करण्याचं काम, म्हणजे पुनर्वसन, सरकारी रुग्णालयात मोफत होतं, हे चार घरांत कळायला हवं.

अपघातानंतर डॉक्टरांनी दादाचा जीव वाचवला, ते ऋण वेगळंच. पण डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या होत्या, पुढची तारीख होती. या माणसाने दिवस कसा काढायचा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. टाके निघाले, तो चालू लागला. भेटायला येणारे 'अरे, बरा दिसतोय की' म्हणायचे. आणि दादा सकाळी पलंगावर बसायचा तो दुपारपर्यंत तसाच. सांगितलं तर आंघोळीला जायचा, नाहीतर नाही. 'आळशी झालाय', 'लाड पुरे झाले' असे सल्ले सुरू झाले.

तुम्ही कागदावर मेंदूचं चित्र काढलंत आणि कपाळामागच्या भागावर पेन ठेवलंत. इथे इजा झाली की मनात असूनही काम सुरूच होत नाही, म्हणालात. एवढं एक वाक्य आईला महिनोन्महिने हवं होतं. त्या दिवसापासून घरात दादावर कुणी चिडलं नाही.

विसरण्यावरचं तुमचं कामही सांगायलाच हवं. आम्ही दिवसभर त्याला 'आठव बरं, आठव' म्हणायचो. तुम्ही ते थांबवलंत. स्मरणशक्ती दुखावलेल्या माणसाला अंदाज करायला लावला की त्याची चूकच पक्की होते, कारण ती चूक होती हेही त्याला आठवत नाही. म्हणून बरोबर उत्तर आधी द्यायचं, तेच करून घ्यायचं आणि आधार हळूहळू काढायचा. बॅडली आणि विल्सन या संशोधकांनी १९९४ मध्ये हे दाखवून दिलं, असं तुम्ही सांगितलंत. विल्सन यांच्याच गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १४३ जणांच्या अभ्यासात, पेजरवर, म्हणजे जवळ बाळगायच्या छोट्या संदेशयंत्रावर, आठवण आली की बहुतेकांची ठरलेली कामं जास्त वेळा पार पडत होती. दादासाठी मोबाइलचे गजर आणि खिशातली वही पुरली. गोळ्या आता तो स्वतः घेतो.

त्याचं थकणंही तुम्ही गंभीरपणे घेतलंत. तासभर माणसांत बसलं की त्याचं डोकं बधिर होतं. मध्ये विश्रांती ठेवा, हे तुम्ही आम्हाला औषधासारखं लिहून दिलंत. घरच्यांसाठी वेगळी बैठकही ठेवलीत. तिथे मी पहिल्यांदा मोकळेपणी बोलले.

खासगीत हे आम्हाला परवडलंच नसतं. पुनर्वसनाला महिने लागतात, माणसं लागतात, आणि उद्घाटन करावं असं मोठं यंत्र त्यात नसतं. बहुधा म्हणूनच ते पैशाच्या यादीत खाली जातं, असं मला वाटतं. वास्तविक अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम २६ सांगतं की या सेवा शक्य तितक्या लवकर सुरू व्हाव्यात आणि माणसाच्या घराच्या जितक्या जवळ मिळतील तितक्या जवळ मिळाव्यात, खेड्यांतही. तुमच्याकडे येणाऱ्या कित्येकांना मात्र अजून फार लांबून यावं लागतं. बाहेरच्या बाकावर त्यांना पाहते, तेव्हा आपल्याला ही सेवा लाभली याचं बरं वाटतं आणि वाईटही.

तुमच्या विभागात भाषोपचारतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. दादाला अजून नेमका शब्द सापडत नाही आणि तुम्ही स्वतःच्या वेळातून थोडा वेळ त्यासाठी देता, हे मी पाहिलंय. तुम्ही हे कधी वर बोलणार नाही, म्हणून मी बोलतेय. या पत्राची एक प्रत रुग्णालयाच्या अधीक्षकांना देतेय आणि सोबत ती जागा भरण्याचा अर्ज. बैठकीतल्या बऱ्याच घरच्यांनी त्यावर सह्या केल्या आहेत. दादाचीही सही आहे, स्वतःच्या हाताने केलेली.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटची बहीण