चौकाला नाव नको, पेटीचा भाता दुरुस्त करायला पैसे द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री यांस,
सादर नमस्कार.

गावातला लाडका पेटीवादक किंवा तबलजी गेला की ठरलेले प्रस्ताव पुढे येतात. चौकाला नाव द्या, सभागृहाला नाव द्या, फारच झाले तर अर्धपुतळा बसवा. लोक या माणसांना ज्यासाठी मानत होते, ती गोष्ट या प्रस्तावांत कुठेच नसते. ज्याच्या घरी वाद्य नाही अशा मुलाला ते आपली जादाची पेटी रियाजाला देत, तबल्याची फाटलेली पुडी (वरचे चामडे) बदलून देत आणि त्याचा हिशेब ठेवत नसत. त्यांची आठवण ठेवायची तर त्यांच्या नावाने उसनी वाद्ये देणारे भांडार काढा. त्यासाठी खरेदीपेक्षा दुरुस्तीची तरतूद मोठी ठेवा, कारण अशी भांडारे वाद्यांअभावी बंद पडत नाहीत, दुरुस्तीअभावी पडतात.

सुरुवात त्या कलावंताच्या घरातूनच करावी. वारसांनी वाद्ये द्यायचे कबूल केले तरी कागदपत्रांच्या घोळात ती महिनोन्महिने कपाटात राहतात आणि नेमकी तेव्हाच खराब होतात. दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, पितळी सुरांवर (हवेने वाजणाऱ्या धातूच्या तुकड्यांवर) गंज आणि खाली धूळ बसून स्वर मुका होतो, कसर आणि उंदीर भात्याच्या (हवा भरणाऱ्या भागाच्या) कातड्यापासून आतल्या कापडापर्यंत काहीच सोडत नाहीत. म्हणून ताब्यात आल्यावर पहिल्या पंधरवड्यातच प्रत्येक पेटी उघडून पाहावी. परीक्षा सोपी आहे. सगळे स्टॉप (हवेची वाट उघडणारे खुंटे) ओढून भाता भरावा आणि एकही पट्टी दाबू नये. हवा लगेच उतरली तर भात्याची कोपऱ्यातली घडी चिरली आहे किंवा पट्टीखालची झडप नीट बसत नाही. पट्टी न दाबता एखादा स्वर लागून राहिला तर तिथली स्प्रिंग सैल झाली आहे. मुक्या सुराच्या जिभेखालून (थरथरणाऱ्या पातळ पात्याखालून) पातळ कागद हळूच फिरवला की बहुतेक वेळा कचरा निघतो आणि स्वर बोलू लागतो. कानस मात्र जाणकाराच्याच हाती द्यावी. जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. अंदाजाने दोन्हीकडे घासत राहिले की जीभ पातळ होते आणि पुढे केव्हातरी तुटते.

कलावंताच्या रोजच्या हातातली पेटी काचेच्या कपाटात ठेवण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. न हललेल्या भात्याचे कातडे कडक होऊन घड्यांवर चिरते. ती पेटी घरी द्यायची नसेल तर नसू दे, पण शिक्षकासमोर आठवड्यातून दोनदा तरी कोणी वाजवावी.

नवीन खरेदी करावी लागेलच. तिथे सर्वात कमी दराची निविदा हा नियम घात करतो. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांत फरक असतो तो सुरांच्या पितळेत आणि लाकूड किती मुरलेले आहे त्यात. निविदेत फक्त ‘हार्मोनियम, नग अमुक’ असे लिहिले तर दोन पावसाळ्यांत उलणारी पेटीच पदरात पडेल. विनिर्देश असे असावेत: ४२ पट्ट्या, खर्ज (खालच्या सप्तकाचे) आणि नर (मधल्या सप्तकाचे) असे सुरांचे दोन संच, म्हणजे एकूण ८४ सूर, आणि दोन स्क्रूंनी उघडता येईल असे वरचे झाकण. स्वीकारण्यापूर्वी भात्याची गळती वाजवणाऱ्या माणसाने तपासावी, भांडारपालाने नव्हे. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी जोडणी) आणि स्केलचेंजर (पट्ट्यांची पाटी सरकवून स्वर बदलणारी सोय) नकोत. हलणारे भाग जितके जास्त तितकी बिघाडाची ठिकाणे जास्त, आणि स्केलचेंजर नसला की मुलाला आपल्या गळ्याच्या पट्टीत (स्केलमध्ये) बोटे बसवायला शिकावेच लागते.

तबल्याचे दुखणे वेगळे. त्याची पुडी झिजणारच, तिला नुकसान म्हणू नये. पुडीवरची काळी शाई म्हणजे लोहचूर्ण आणि खळ यांचे एकावर एक चढवलेले, दगडाने घोटलेले थर. घोटल्याने तिच्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते, म्हणूनच ती मोकळी बोलते. घाम आणि दमट हवा लागली की त्या भेगांतून खपल्या सुटतात. नवशिक्याची हातोडी गजऱ्याऐवजी (कडेच्या विणीऐवजी) चाटेवर (पुडीच्या काठावरच्या चामड्यावर) किंवा शाईवर पडली तर पुडी तिथेच संपते. गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) एका बाजूने ठोकत राहिल्यास घरे (पुडीच्या कडेचे भाग) एका स्वरात मिळत नाहीत, वादी (पुडी ताणणारी चामडी पट्टी) ओढली जाते आणि पुडी कडेला फाटते. प्रत्येक जोडीमागे तबल्याची एक तयार जादा पुडी ठेवावी. ती त्या तबल्याच्या तोंडाचे माप घेऊनच मढवलेली असावी. साडेपाच इंची तोंडाची पुडी सव्वापाच इंचावर ओढून बसवली तर आवाज कधीच लागत नाही.

आता खरी अडचण, जी कारागिराच्या हातात नाही. सरकारी पैशातून घेतलेला तबला जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या सरकारी यादीत) चढतो. पुडी फाटली की ‘नुकसान कोणाचे’ हा प्रश्न उठतो, वसुलीच्या भीतीने जबाबदार कर्मचारी कपाटाला कुलूप लावतो, आणि वाद्ये निर्लेखनाच्या (यादीतून काढून टाकण्याच्या) तारखेपर्यंत नवी कोरी राहून आतून सडतात. त्या कर्मचाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याला वाचवणारी एक ओळ शासन निर्णयात हवी.

उसने देण्याची रीत साधी ठेवावी. मुदत तीन महिन्यांची, परत आणल्यावर तपासणी आणि तिथेच पुन्हा तीन महिने. तबल्याबरोबर हातोडी, चुंबळ आणि गवसणी, पेटीबरोबर जाड कापडी आवरण. देताना वाद्य वाजवून त्याचे दोष कार्डावर लिहावेत, म्हणजे परत येताना वाद होत नाही. अनामत रक्कम घेऊ नये. ज्याच्यासाठी भांडार काढले तोच मुलगा तिच्यामुळे दारातून परत जाईल. हमी म्हणून शिकवणाऱ्याची सही पुरे. तानपुरा मात्र घरी देऊ नये. भोपळा एका धक्क्याने तडकतो, आणि जवारी (तारेला गुंज देणारी घोडीची घडण) बिघडली तर ती काढणारा हात दर गावात नसतो.

वीस वाद्यांचे भांडार धरले तर आठ पेट्या, दहा तबलाजोड्या आणि जागेवर वाजवायचे दोन तानपुरे. यांतली दोन-तीन वाद्ये कायम दुरुस्तीत असणार हे आधीच गृहीत धरावे. कारागिराला महिन्यातून दोन दिवस मानधनावर बोलवावे आणि त्याच्या शेजारी एक शिकाऊ बसवावा. कामागणिक दरपत्रके मागवू नयेत. तीन दरपत्रके जमेपर्यंत मुलाचा रियाज सुटतो.

शासन निर्णयात आम्हाला हवी असलेली ओळ अशी: ‘पुडी, वादी, शाई, सूर, स्प्रिंग, भात्याचे कातडे व कापड या बाबी उपभोग्य समजाव्यात, वापरातून झालेल्या झिजेची वसुली कोणत्याही कर्मचाऱ्याकडून अथवा विद्यार्थ्याकडून करू नये.’ शक्य झाल्यास ती येत्या पावसाळ्यापूर्वी निघावी.

आपले,
वाद्ये दुरुस्त करणारे, शिकवणारे आणि साथीला बसणारे